घरच्या जळणासाठी चेनसॉ कोणता घ्यायचा आणि चालू कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळशी, भोर, वेल्हे, जुन्नर या बाजूला ज्यांचं गावाकडचं घर किंवा शेत आहे, आणि अजून बंब नाहीतर चूल पेटते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दिवाळी झाली की पुण्यातले ओळखीचे लोक हेच प्रश्न विचारायला लागतात म्हणून सगळी उत्तरं एकत्र केली. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो: लोक सीसी बघून मशीन घेतात, पण लाकूड कापते ती चेनची धार आणि मशीन चालू होतं ते ताज्या पेट्रोलवर. या दोन गोष्टी सांभाळल्या तर छोटं मशीनसुद्धा वर्षानुवर्षं घरचं जळण पुरवतं.

मला खरंच चेनसॉ लागेल का?

शहरात राहत असाल आणि बंब फक्त थंडीत पेटत असेल तर नका घेऊ, वखारीतून बंबफोड आणा, स्वस्त पडेल आणि कटकट नाही. मनगटाएवढ्या फांद्या असतील तर कोयता, कुऱ्हाड आणि पाइपच्या फ्रेमची एक चांगली हातकरवत एवढ्यात काम होतं. चेनसॉ घ्यावा तो स्वतःची लाकडं असणाऱ्याने, म्हणजे बांधावर बाभूळ, सुबाभूळ, गिरिपुष्प आहे, पावसात एखादा गुलमोहर आडवा झालाय, दरवर्षी ट्रॉलीभर तरी जळण निघतंय. आणि एक लक्षात घ्या, चेनसॉ ओंडक्याचे आडवे तुकडे करतो, फोडायचं काम कुऱ्हाड, घण आणि पाचर यांचंच आहे, बंबफोड मशीनमधून बाहेर पडत नाही.

पेट्रोल, वायरवाला इलेक्ट्रिक की बॅटरीवाला?

लाकडं घराच्या अंगणातच येऊन पडत असतील तर इलेक्ट्रिकचा विचार नक्की करा. दोरी ओढायची भानगड नाही, पेट्रोल मिक्स करायचं नाही, आवाज कमी. पण २००० वॅटचं मशीन २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर खेचतं, त्यामुळे ट्यूबलाईटच्या साध्या सॉकेटला लावू नका, १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट पाहिजे आणि एक्स्टेन्शन अडीच एमएमच्या वायरचं पाहिजे. पातळ वायरचं लांबलचक एक्स्टेन्शन घेतलं की व्होल्टेज पडतो, मोटर तापते आणि मग मशीन खराब निघालं म्हणून ओरड होते. गावाकडे संध्याकाळी लाईट आधीच डिम असेल तर तेव्हा चालवूच नका. आणि पावसात किंवा ओल्या गवतात वायरवालं मशीन अजिबात नाही.

बॅटरीचे दोन प्रकार आहेत आणि लोक त्यात गोंधळतात. ते हातभर लांबीचं, चार-सहा इंची बारचं (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) छोटं मशीन फांद्या छाटायला मस्त आहे पण त्याने ओंडके कापायची अपेक्षा ठेवू नका. ३६ व्होल्टच्या पुढचं बॅटरी मशीन खरोखर काम करतं, फक्त दुसरी बॅटरी घ्यावी लागते आणि तिथे बजेट वाढतं.

शेतात, बांधावर, जिथे लाईट नाही तिथे पेट्रोल.

किती सीसीचं घेऊ? दुकानदार म्हणतो ५८ सीसीच घ्या

दुकानदाराला ते खपवायचं असतं. घरच्या जळणाचं लाकूड बहुतेक चार ते दहा इंच जाडीचं असतं, त्याला ३० ते ४५ सीसी भरपूर झालं. उदाहरण द्यायचं तर स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस १८० हे ३१.८ सीसीचं आहे आणि बार-चेन सोडून साधारण ४ किलोचं, घरगुती जळणाला याच मापाचं मशीन लागतं. ५८ सीसीचं २२ इंची बारवालं मशीन तेल-पेट्रोल भरून हातात धरून बघा, अर्ध्या तासात खांदे भरून येतात, आणि दमलेल्या हातातलं मशीन जास्त धोक्याचं. जुनी वाळलेली बाभूळ किंवा चिंचेचा मोठा बुंधा रोज कापायचा असेल तरच मोठ्याकडे जा.

बार किती इंचाचा?

१४ किंवा १६. यापेक्षा जाड ओंडका आला तर दोन्ही बाजूंनी कापायचा. लांब बारला लांब चेन, म्हणजे धार लावायला जास्त दात, आणि टोक कुठे लागतंय यावर लक्षही कमी राहतं.

ऑनलाइन मिळणारं स्वस्त मशीन चालेल का?

चालतं, पण कोणाच्या हातात यावर आहे. ज्याला प्लग काढता येतो, कार्बोरेटर उघडायची भीती नाही, त्याने घ्यावं, पार्टही सहज मिळतात. बाकीच्यांनी ब्रँडेड घ्यावं, ते दोन-तीन पट महाग जाईल तरी, पण एका अटीवर, की सर्व्हिस सेंटर तुमच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर आहे. मशीन बंद पडल्यावर भोरहून पुण्यात दोन चकरा मारायला लागल्या की स्वस्त-महाग सगळा हिशोब बदलतो. घेण्याआधी दुकानात एवढंच विचारा: चेन, बार, स्टार्टरची दोरी, एअर फिल्टर आत्ता काउंटरवर आहे का? "मागवून देतो" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. कानस, पाना, हातमोजे असल्या गोष्टी बोहरी आळीत मिळतात, आणि प्लगसाठी जुना प्लग खिशात टाकून नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे गेलात तर तसाच मिळून जातो.

मशीनमध्ये चेन ब्रेक पाहिजेच, म्हणजे पुढच्या हँडलसमोरचं ते पुढे ढकललं की चेन लॉक करणारं गार्ड. ते नसलेलं किंवा मोडलेलं जुनं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं?

हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, त्यामुळे पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावंच लागतं, नुसत्या पेट्रोलवर चालवलं तर पिस्टन थोड्याच वेळात जाम होतो आणि मग दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीच्या आसपास जातो. प्रमाण मॅन्युअलमध्ये असतं तेच पाळा. ५०:१ म्हणजे १ लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. चांगल्या कंपन्यांची मशीन त्यांच्या ऑइलसोबत ५०:१ सांगतात, स्वस्त मशीनवर बऱ्याचदा २५:१ लिहिलेलं असतं. अंदाजपंचे ओतू नका, मेडिकलमधून औषधाची मोठी सिरिंज आणा, एकदम अचूक माप होतं. ऑइल एअर-कूल्ड टू-स्ट्रोकचं घ्या, डब्यावर जॅसो एफडी (JASO FD, टू-स्ट्रोक ऑइलचा दर्जा) असेल तर उत्तम. बाइकमध्ये टाकतो ते फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये टाकायचं नाही.

आधी डब्यात थोडं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, झाकण लावून नीट हलवा आणि मगच टाकीत भरा. थेट टाकीत दोन्ही ओतणारे लोक आहेत, त्यांचं ऑइल तळाशी बसतं. आणि पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये आणा, पाण्याच्या बाटलीत नको, बऱ्याच पंपांवर बाटलीत देतही नाहीत.

ई२० पेट्रोलने मशीन खराब होतं का?

आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल मिळतं आणि प्रीमियम घेतलं म्हणून त्यात इथेनॉल नसेल असं धरून चालू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे मावळात-मुळशीत पावसाळ्यात हवा कशी असते ते सांगायला नको. जास्त पाणी ओढलं गेलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन खाली बसतं, कार्बोरेटरमध्ये तेच जातं. शिवाय जुन्या मशीनमधले रबरी पाइप आणि कार्बोरेटरचा पातळ पडदा इथेनॉलने कडक होतो किंवा फुगतो. यावर उपाय सोपा आहे पण पाळायला लागतो: एकावेळी लिटरभरच मिक्स करा, महिन्याच्या आत संपवा, आणि काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. "मागच्या वर्षी चालत होतं, आता चालूच होत नाही" अशा केसमध्ये बहुतेक वेळा टाकीत मागच्या वर्षीचंच पेट्रोल निघतं.

चेनचं ऑइल वेगळं असतं का? जुनं काळं ऑइल टाकलं तर?

वेगळं असतं, त्याची टाकीही वेगळी, पुढच्या बाजूला. बार ऑइल चिकट असतं म्हणून चेनवरून उडून जात नाही. ते मिळालं नाही तर नवं २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल चालून जातं, थोडं जास्त उडतं इतकंच. गाडीचं काढलेलं काळं ऑइल मात्र नको, त्यात धातूचा कचरा असतो, बार आणि ऑइल पंप झिजतो आणि ते सगळं उडून तुमच्या अंगावर आणि शेतातल्या मातीत जातं. पेट्रोल भरलं की प्रत्येक वेळी चेन ऑइलही भरायचं, ही सवय एकदा लागली की विसरायला होत नाही. ऑइल येतंय का हे बघायचं तर बारचं टोक एखाद्या कोरड्या ओंडक्यासमोर धरून रेस करा, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

पहिल्यांदा चालू करण्याआधी काय बघायचं?

चेनची दिशा. बारच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे बघत असली पाहिजे. नवीन मशीन घरी जोडताना चेन उलटी बसते, मग धूर निघतो, लाकूड काळं पडतं आणि कापत काहीच नाही. मग ताण: मशीन थंड असताना चेन खाली लोंबायला नको पण हातमोजा घालून ओढली तर बारवर सरकली पाहिजे. नवी चेन सुरुवातीला लांबते, त्यामुळे पहिल्या दिवशी मध्ये मध्ये थांबून ताण परत बघा.

थंड मशीन चालू करायची बरोबर पद्धत काय?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट सविस्तर लिहितो.

मशीन सपाट जमिनीवर ठेवा, चेनला दगड-गवत काही लागत नाही ना बघा, पेट्रोल जिथे भरलं तिथून थोडं लांब या. चेन ब्रेक पुढे ढकलून लावा. स्विच ऑनला आहे ना बघा, अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. प्रायमरचा रबरी फुगा असेल तर त्यात पेट्रोल दिसेपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. चोक, म्हणजे हवा अडवून पेट्रोल जास्त जाऊ देणारा खटका, पूर्ण लावा.

आता उजव्या पायाच्या बुटाचं टोक मागच्या हँडलच्या आत, डाव्या हाताने पुढचं हँडल हात सरळ ठेवून जमिनीकडे दाबायचं आणि उजव्या हाताने दोरी. आधी हळू ओढा, एका ठिकाणी अडकल्यासारखं लागतं, तिथून झटका द्यायचा. झटका छोटा आणि जोरदार, दोरी पूर्ण शेवटपर्यंत खेचायची नाही नाहीतर तुटते, आणि सोडून द्यायची नाही, हातातच धरून परत आत जाऊ द्यायची.

दोन-चार ओढीत इंजिन एकदा "भप्प" करतं आणि बंद पडतं. हा आवाज ऐकायला कान द्या, सगळी गंमत इथेच आहे. तो आला की लगेच चोक काढून अर्ध्यावर, म्हणजे फास्ट आयडलच्या (जरा वाढीव रेसच्या) खुणेवर आणायचा आणि परत ओढायचं. लोक तो आवाज ऐकतच नाहीत, किंवा ऐकून म्हणतात आत्ता चालू होतंय आणि पूर्ण चोकवरच ओढत राहतात, मग सिलिंडर पेट्रोलने भरतो, प्लग भिजतो आणि त्यानंतर कितीही ओढा, काही होत नाही. भप्प झाल्यावर अर्ध्या चोकवर एक-दोन ओढीत मशीन धडधडायला लागतं. लगेच थ्रॉटल, म्हणजे रेसचा ट्रिगर, एकदा टिचकी मारल्यासारखा दाबून सोडा, मशीन हळू आयडलला येतं, मग ब्रेक मागे ओढून सोडा. ब्रेक लावलेला असताना रेस करत राहिलात तर क्लच जळतो.

मशीन हातात लटकवून झटक्याने चालू करतात तसं केलं तर?

नाही. झाडतोडीवाले करतात, व्हिडिओत छान दिसतं, पण एका हातात मशीन झुलत असताना चेन फिरायला लागली तर ती मांडीच्या उंचीवर असते. जमिनीवर ठेवायला जागा नसेल तर मागचं हँडल दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घट्ट दाबून, पुढचं डाव्या हाताने धरून ओढा, ब्रेक लावलेलाच.

ओव्हर झालंय, पेट्रोलचा वास येतोय. आता?

चोक पूर्ण काढलेला, ब्रेक लावलेला, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि ओढत राहा, आठ-दहा ओढीत जास्तीचं पेट्रोल बाहेर पडून चालू होतं. दाबून धरायला कोणी दुसरं असेल तर सोपं पडतं. त्यानेही नाही झालं तर प्लग काढा, पुसा, वाळवा, स्विच बंद करून प्लगशिवाय काही ओढी मारा म्हणजे आतलं पेट्रोल उडून जाईल, तोंड त्या भोकासमोर आणू नका. प्लग परत लावा, चोकशिवाय चालू करा. प्लगची गॅप साधारण ०.५ मिमी असते.

प्लग काढल्यावर तो एकदम कोरडा निघाला तर गोष्ट उलटी आहे, पेट्रोल पोचतच नाहीये: टाकीतला फिल्टर, फुटलेला पाइप किंवा कार्बोरेटर.

गरम मशीन जेवायला थांबल्यावर परत चालू होत नाही

गरम मशीनला चोक लागत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तर अजिबात नाही. एक-दोन ओढी बिनचोक, नाही झालं तर चोक लावून लगेच काढून फास्ट आयडलवर आणा आणि ओढा. मशीन सावलीत ठेवा, झाकण जरा सैल करून टाकीतला दाब जाऊ द्या.

चालू होतं पण रेस केलं की बंद पडतं

एअर फिल्टर आधी. भुशाने गच्च भरलेला असतो. तो साफ असेल तर पेट्रोल जुनं. तेही नाही तर सायलेन्सरची जाळी कार्बनने बंद झालीये का बघा. कार्बोरेटरच्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा, खरं तर लावूच नका, मेकॅनिकला द्या, पेट्रोल कमी पडेल असा सेट झाला तर इंजिन छान जोरात पळतं आणि जळतं.

आयडलला चेन फिरत असेल तर मात्र काम थांबवा, आयडलचा स्क्रू कमी करा, तरी फिरली तर क्लचचा प्रॉब्लेम आहे.

मशीन जोरात चालतंय पण लाकूड कापत नाही, दाबायला लागतं

धार गेली. बारीक पावडरसारखा भुसा पडत असेल तर धार गेली, जाड ढलप्या पडत असतील तर धार आहे, एवढं साधं आहे. धारदार चेन स्वतःच्या वजनाने लाकडात उतरते. एकदाच जमिनीला टेकली तरी धार जाते कारण माती-दगड दातांना खातात, म्हणून ओढून आणलेला चिखलाचा ओंडका आधी झाडा, आणि बांधावरच्या झाडात जुन्या कुंपणाची तार किंवा खिळा असतोच असं समजून बघा.

गोल कानस घ्या. छोट्या मशीनवर सहसा ३/८ लो प्रोफाइल चेन असते, तिला ४ मिमीची कानस, २२ इंची स्वस्त मशीनवर बऱ्याचदा .३२५ पिच (चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) असते, तिला ४.८ मिमी. दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, ३० अंशात, प्रत्येक दाताला सारखेच घासे द्या, आणि येताना कानस उचलून आणायची. एका बाजूच्या दातांना जास्त घासलं की मशीन लाकडात वाकडं जातं. टाकी भरायला थांबलात की प्रत्येक दाताला दोन-तीन हलके घासे दिले तर चेन कधी बोथट होतच नाही. आणि नवी चेन घेताना पिच, गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि त्या आतल्या कड्यांची म्हणजे ड्राइव्ह लिंकची संख्या, तिन्ही लिहून न्या, नुसतं "१६ इंची द्या" म्हटलं तर चुकीची येते.

सेफ्टीचं खरंच काय घ्यावं लागतं?

चष्मा किंवा जाळीचं व्हायझर, कानाला मफ, जाड बूट, हातमोजे, आणि जमलं तर मांड्यांवरचं चेनसॉ चॅप्स, त्यातले धागे चेनमध्ये अडकून ती जाम करतात. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, कापूस घालून भागत नाही. लुंगी, मफलर, पंचा, ओढणी काही नको.

सगळ्यात वाईट अपघात किकबॅकचा. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशाला तरी टेकला की मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येतं, तुम्हाला कळायच्या आत. म्हणून टोकाने कापायचं नाही, दोन्ही हातांनी धरायचं, डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून गुंडाळलेला, डोकं बारच्या रेषेत नको, आणि खांद्याच्या वर मशीन उचलायचं नाही. झाडावर किंवा शिडीवर चढून तर नाहीच. एकटे असाल तर काम उद्यावर टाका, कोणीतरी हाकेच्या अंतरावर पाहिजे, आणि पोरंटोरं लांब.

ओंडका कसा ठेवून कापायचा?

लाकडाची फुलीच्या आकाराची घोडी करून घ्या, कंबरदुखी वाचते आणि चेन मातीला लागत नाही. ओंडका दोन्हीकडे टेकलेला असेल आणि मधे कापायचं असेल तर वरून एक तृतीयांश कापा, मग खालून. एका टोकाला लोंबत असेल तर उलट, आधी खालून थोडं, मग वरून. हे नाही पाळलं तर बार चिमटीत अडकतो, आणि मग ओढाताण करू नका, मशीन बंद करून पाचर ठोका.

स्वतःच्या आवारातलं झाड कापायला परवानगी लागते का?

हो. पुणे शहरात १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, झाड तुमच्या बंगल्यात असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यायची, अर्ज उद्यान विभागात. ग्रामीण भागात १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे, साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी अनुसूचित झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत. गाडीत भरून नेण्याआधी वाहतूक परवाना लागतो का हेही वनविभागात विचारा. तारांजवळची फांदी असेल तर महावितरणला कळवा, स्वतः हात लावू नका. आणि उभं झाड पाडणं हे वेगळंच कसब आहे, ते करणाऱ्या माणसाला बोलवा, आडवं झालं की तुकडे तुम्ही करा.

कापायचं कधी, आणि कुठलं लाकूड जाळायचं नाही?

दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत कापून फोडून ठेवा, पावसाच्या आधी खणखणीत वाळतं. विटांवर रचा, वरून ताडपत्री, बाजू उघड्या, सगळंच गुंडाळलं तर आत बुरशी येते. निलगिरी ओली असतानाच फोडा, वाळल्यावर कुऱ्हाड अडकते. बाभूळ आणि सुबाभूळ जळणाला एक नंबर, गुलमोहर लवकर जळून जातो पण पेटवायला बरा, शेवगा आणि पांगारा कापायचे कष्ट घेऊ नका. कण्हेर चुलीत जाऊ देऊ नका, झाड विषारी आहे आणि धूरही वाईट. बिब्ब्याचं लाकूड तर कापूही नका, चीक अंगावर उडाला की फोड येतात आणि त्याच्या धुरानेही अंग सुजतं.